नापाससाहेबांची उजवी कूस

नापाससाहेबांना परीक्षेच्या गाडीत चक्कर आली आणि ते सीटवरच कलंडले, तेव्हा स्टिअरिंगवर बसलेल्या बेकरीवाल्याने जशी गाडी चालवली तशी त्या परवाना कचेरीच्या इतिहासात कोणी चालवली नसेल. आरसे बघून, इंडिकेटर देऊन, एकही सिग्नल न तोडता त्याने गाडी थेट हॉस्पिटलच्या दारात नेली आणि दोन अँब्युलन्सच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पहिल्या झटक्यात रिव्हर्समध्ये लावली. साहेब शुद्धीवर आले तेव्हा उजव्या हाताला सलाइन होतं. पण साहेब पडले डावखुरे, लिहायचा हात मोकळाच होता. त्यांनी परीक्षेचा कागद मागून घेतला आणि बेकरीवाल्याला नापास केलं. कारण लिहिलं, 'ठरलेला मार्ग सोडला.'

माणूस वाईट नव्हता हो. नियमाचा होता. शिकाऊ चालकांची परीक्षा घेण्यात उभी नोकरी गेली, आणि त्यात त्यांनी इतक्या लोकांना घरी पाठवलं की सगळी बिल्डिंग त्यांना पाठीमागे नापाससाहेब म्हणायची. पुढे पुढे समोरही म्हणायला लागली. साहेबांना त्यात अपमान वाटला नाही. उलट आपल्या कामाची कोणीतरी दखल घेतली असं वाटलं.

बेकरीवाल्याने तक्रार केली. नापास झाल्याची केली असती तर ती फाइलमध्ये सुखाने पडून राहिली असती. पण त्याने लिहिलं की साहेब परीक्षेच्या वेळी गाडीत झोपतात. मग काय, वैद्यकीय बोर्ड बसलं. साहेबांना साखरेचा त्रास जुना, गोळ्या चालू, त्या दिवशी डबा खायचा राहिला होता, एवढीच कथा. पण बोर्डाचे डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुमची साखर अशी अचानक पडत असेल तर तुम्हाला गाडीत बसवायचं कसं? आपण दोन आठवडे सेन्सर लावू. पहिला आठवडा सरावाचा. दुसऱ्या आठवड्यात साखरेचा एक जरी खड्डा दिसला, तर गाडी बंद. मग तळघर."

तळघर म्हणजे जप्त केलेल्या नंबरप्लेटांचा विभाग. तिथे एक टेबल आहे, त्याच्या उजव्या अंगाला भिंत आहे, आणि जो कोणी येतो तो डावीकडून येऊन बोलतो. साहेबांच्या अंगावर काटा आला तो अंधाराने नव्हे, त्या भिंतीने.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या-माझ्यातच राहू द्या. लहानपणी गालगुंड झाले तेव्हा साहेबांचा डावा कान गेला. अगदी ठार. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. परीक्षकाचा कान गेलेला आहे असं कळलं तर नोकरी कोण देणार? परीक्षेच्या गाडीत चालक उजवीकडे, परीक्षक डावीकडे. चांगला कान चालकाकडे, गेलेला कान खिडकीकडे. त्या एका सीटच्या जोरावर साहेबांनी आयुष्य काढलं. घरी जेवायच्या टेबलाशीही ते डावीकडे भिंत येईल अशाच खुर्चीवर बसत. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. तिच्या मते हा माणूस अर्ध्या गोष्टींना मुद्दाम उत्तर देत नाही. बायकोला बिल्डिंगमध्ये सगळे काकू म्हणत, आपणही तेच म्हणू.

आणि त्यांना एक लेक होती. म्हणजे आहे, पण दूरच्या गावी. तिची परीक्षा घ्यायची वेळ आली त्या दिवशी दुसरा परीक्षक रजेवर होता. साहेबांनी तिला इतर उमेदवारांसारखंच रांगेत उभं केलं. चौकात तिने एकदम करकचून ब्रेक दाबला. साहेब मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी लिहिलं, 'विनाकारण ब्रेक,' आणि लेक नापास. कचेरीत परतल्यावर ती म्हणाली, "बाबा, डावीकडून ट्रक आला. एवढा मोठा हॉर्न वाजला. ऐकला नाहीत?" आता ऐकला नाही म्हणायचं कसं? रांगेतले सगळे बघत होते. साहेब म्हणाले, "हॉर्न वाजलाच नाही." त्या दिवसापासून लेक वडिलांशी बोलत नाही. लग्न होऊन गेली, तरी आईला फोन करते तो बाप कचेरीत असताना. आईकडून तिने शब्द घेतला होता की माझ्याबद्दल बाबांना काही सांगायचं नाही.

असो. सेन्सर.

शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात, आत केसाएवढी तार जाते, आणि अंगातली साखर सतत मोबाइलवर दिसत राहते. साखर पडली की मोबाइल बोंब मारतो. लावणाऱ्या नर्सने विचारलं कोणत्या हाताला लावू, तर साहेब म्हणाले, "लिहिण्याच्या हाताला नको." म्हणून उजव्या दंडाला लागला. माणसाची संकटं अशी साध्या उत्तरातून सुरू होतात.

कारण साहेब झोपत उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत खुपसला की जग बंद. शेजारच्या कॅशिअरचं घोरणं, वरच्या मजल्यावरचे नळ, बायकोचे उसासे, सगळं बंद. असं सुख तुम्हा-आम्हा दोन कानवाल्यांना मिळायचं नाही.

पहिल्याच रात्री मोबाइल केकाटला. काकू दचकून उठल्या. भिंतीपलीकडे निवृत्त कॅशिअर उठले. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई उठली आणि चोर समजून कात्री घेऊन जिन्यात आली. साहेब मात्र झोपलेले. काकूंनी गदागदा हलवलं तेव्हा डोळे उघडले. मोबाइलवर साखर तळाला गेलेली. काकूंनी घाबरून तोंडात बिस्किटं कोंबली, आणि साहेब अर्धवट झोपेत बिस्किटं चावत म्हणाले, "पुढच्या चौकात डावीकडे घ्या."

रात्री भिंत ठोकणारे कॅशिअर सकाळी दार ठोकत आले. "साहेब, काय झोप आहे हो तुमची! मला अशी झोप लागली असती तर मी अजून दहा वर्षं कॅश सांभाळली असती. उपाय सांगतो. झोपताना तीन चमचे साखर. काय बिशाद आहे पडायची!"

साहेबांनी साखर खाल्ली. मोबाइलवरचा आलेख रात्री डोंगर चढला आणि मग दरीत कोसळला. मोबाइल पुन्हा केकाटला, सगळे पुन्हा उठले, साहेब पुन्हा नाही. शिंपीणबाई म्हणाली, "चकती घासत असणार, म्हणून बिथरते. मी कापसाची पट्टी शिवून देते." तिने दंडाचं माप घेतलं, मेहनतीने पट्टी शिवली, आणि ती इतकी घट्ट झाली की त्या रात्री मोबाइल थांबेचना. पट्टी काढायला शेवटी तिचीच कात्री लागली. कॅशिअर दिवा धरून उभे, शिंपीणबाई कापतेय, काकू "सांभाळून, सांभाळून" म्हणतायत, आणि नापाससाहेब, ज्यांच्यापुढे धडधाकट माणसं घामाघूम होत, ते बनियनवर पलंगाच्या कडेला हात वर करून बसलेले. माणसाची इभ्रत किती पातळ असते हे अशा वेळी कळतं.

कचेरीत बोर्डाच्या टेबलावर कारकून होता. साहेबांनी विचारलं, डाव्या हाताला दुसरा सेन्सर मिळेल का?

"उजव्या दंडावर मंजूर झालाय," कारकून म्हणाला. "डावा पाहिजे तर नवा अर्ज. आधीचा का नको याचा खुलासा. मग खरेदी विभाग. आणि साहेब, तोपर्यंत तुम्ही तळघरातच बसणार, कारण चालू तपासणी रद्द धरली जाते."

साहेबांना वाद घालता आला असता. पण हीच वाक्यं त्यांनी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूने म्हटली होती, आणि ती इतकी चोख होती की बोलायला जागाच नव्हती. ते मुकाट्याने घरी आले.

सरावाचा पहिला आठवडा असा संपत आला. आलेख बघितला तर खाचखळग्यांचा रस्ता, आणि साहेब दिवसेंदिवस सुकत चाललेले. जेवताना ते एकदा म्हणाले, "तळघरात दिवे कसले आहेत कोण जाणे." काकू ताटं उचलू लागल्या. दुसऱ्या दिवशी भांडी आवरता आवरता मात्र त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "अहो, त्या हातावर झोपू नका. चकती दाबली गेली की खोटी साखर दाखवते. खरी पडतच नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? मला डोकं नाही का?"

साहेबांनी ताबडतोब पडताळा घेतला, माणूसच तसा. उजव्या कुशीवर दुपारी आडवे झाले, थोड्या वेळात मोबाइल केकाटला. बोटाला सुई टोचून साखर मोजली, तर एकदम ठाकठीक. म्हणजे एवढे दिवस पडत होती ती साखर नव्हतीच. साहेब स्वतःच आपल्या दंडावर पडत होते. बोर्ड मात्र बोट नव्हे, आलेखच बघणार होतं.

आता डाव्या कुशीवर झोपायचं, एवढाच प्रश्न उरला. म्हणायला सोपं आहे. लग्नापासूनची कूस ती, नियमाने बदलते थोडीच? कॅशिअरांनी सल्ला दिला की पलंगावर उजव्या अंगाला बॅगांची भिंत उभी करा. ती भिंत साहेबांच्या डोक्यावर पडली. मग सरावाच्या शेवटच्या रात्री शिंपीणबाईने बनियनच्या उजव्या बाजूला चेंडू शिवून दिला. वळलं की टोचणार आणि माणूस परत फिरणार. साहेब आरशासमोर उभे राहिले. कुशीतून एक टेंगूळ आलेला, बटण लावलेला, डोळे सुजलेला माणूस त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी त्याला मनातल्या मनात नापास केलं आणि झोपायला गेले.

चेंडूने काम केलं. साहेब डावीकडे तोंड करून पडले. इतक्या वर्षांत बायकोकडे त्यांची पाठच असायची, आता तोंड झालं. आणि चांगला कान वर आला.

अरे बापरे, घर किती बोलत होतं! फ्रिज कण्हत होता. कुठलातरी नळ गळत होता. कॅशिअर घोरत होते, आणि मधेच आकडे म्हणत होते. साहेब डोळे मिटून हे सगळं सोसत पडले होते, तेवढ्यात अगदी जवळून, हळू आवाजात काकू बोलायला लागल्या.

"आज फोन आला होता तिचा. सातवा लागला म्हणाली. पायांना सूज आहे, पण डॉक्टर म्हणतात ठीक आहे. तिचीही साखर वाढलीय हो, पोटातल्या बाळामुळे. तिच्याही दंडावर तेच बटण आहे. तिलाही रात्री झोप नाही. मी तुमची तळघराची काळजी सांगितली, तर तीच म्हणाली, आई, त्या हातावर झोपू देऊ नकोस त्यांना. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. मी कुठे सांगतेय? तुम्ही तर झोपलायत."

साहेबांनी श्वास रोखला. मग लक्षात आलं की झोपलेला माणूस श्वास रोखत नाही, म्हणून सोडला. काकू बोलतच होत्या. मग पुढे भाजीवाला, गुडघा, शिंपीणबाईचा भाऊ, पुन्हा लेक. किती सरावाने बोलत होत्या! हे आजचं नव्हतंच. रोज रात्री, इतकी वर्षं, ही बाई या मेलेल्या कानापाशी सगळं सांगत आली होती, आणि साहेब उशीत कान खुपसून सुखाने पडले होते. आपण आजोबा होणार आहोत हे त्यांना असं कळलं. उठून बसावंसं वाटलं, पण कूस बदलायचीही चोरी.

दुसऱ्या रात्रीपासून साहेब लवकर जांभया द्यायला लागले. जेवण झालं की, "फार दमलो बुवा," आणि डाव्या कुशीवर. झोप लागली हे पटावं म्हणून घोरूही लागले. घोरण्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात काकूंनी उठून दार वाजतंय का ते पाहिलं. पुढे जमलं. लेकीने बाळासाठी खोली रंगवली. जावयाने रंगात पाय दिला. लेकीला आंबट खावंसं वाटतं. लेकीला रात्री भीती वाटते. सगळं साहेबांना कळत होतं, आणि तिकडे आलेख आखीव रस्त्यासारखा सपाट चालला होता. कॅशिअर म्हणाले, "वाचलात साहेब!" साहेब नुसते हसले. त्यांना इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि मग त्यांनी घाण केली.

काकू सांगत होत्या, "जावयाची रात्रपाळी असते. कळा सुरू झाल्या तर हॉस्पिटलात नेणार कोण, ही तिला धास्ती. दारात गाडी उभी आहे, पण हिने परत कधी परीक्षाच दिली नाही. स्टिअरिंगला हात लावत नाही म्हणाली..."

"अजून परवाना काढला नाही?" साहेब म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभराची सवय. खोलीत फक्त फ्रिजचा आवाज उरला.

"जागे आहात?" काकूंनी विचारलं.

"आत्ताच..."

"खोटं बोलू नका. आत्ता घोरत होतात. म्हणजे रोजच घोरत होतात." काकूंचा आवाज कापत होता. "मी तिला शब्द दिला होता. झोपलेल्या माणसाला सांगणं म्हणजे सांगणं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. माझं बोलायचं एवढं एक ठिकाण होतं हो. तेही तुम्ही चोरून ऐकलंत."

त्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर रात्री एक अक्षर नाही. दिवसा बोलायच्या, मीठ द्या, दार लावा, एवढंच. रात्री साहेब डाव्या कुशीवर, चांगला कान वर, समोर काकूंची पाठ. नळ गळायचा, कॅशिअर आकडे म्हणायचे. आलेख सरळ, साखर उत्तम, आणि माणसाच्या डोळ्याला डोळा नाही. त्यांनी एकदा कळवळून खोटं खोटं घोरून पाहिलं. काकू म्हणाल्या, "पुरे."

सेन्सरची शेवटची रात्र आली. सकाळी मोबाइल बोर्डात दाखवायचा, मग शिक्का, मग गाडी. काकूंनी न बोलता चेंडूवाला बनियन पलंगावर ठेवला. साहेबांनी तो उचलला, घडी केली आणि कपाटात टाकला. दिवा घालवून ते उताणे पडले.

"तिला सांग," ते अंधारात म्हणाले, "तिचा ब्रेक बरोबर होता. ट्रक होता. हॉर्नही वाजला असणार. मला ऐकू आला नाही."

मग ते काकूंच्या पाठीला सांगू लागले.

"माझा डावा कान लहानपणापासून गेलेला आहे. ठार. कोणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही."

मग काकू वळल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं..." त्या थांबल्या. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं."

"ऐकूच यायचं नाही गं." साहेबांचा आवाज फुटला. "आता मी वळतो. या कुशीवर मला काही म्हणता काही ऐकू येत नाही. तू बोल. तुझा शब्द मोडत नाही."

"अहो, तो हात! उद्या बोर्ड आहे. तळघरात टाकतील."

"टाकू देत."

ते उजव्या कुशीवर वळले. चकती दंडाखाली आली, चांगला कान उशीत गेला, आणि जग बंद झालं. काही वेळ नुसती शांतता. मग गादीला बारीक थरथर जाणवली, थांबली, पुन्हा सुरू झाली. काकू बोलत होत्या. काय बोलत होत्या, कोण जाणे. साहेबांना झोप लागली. शांत, खोल, अगदी पहिल्यासारखी.

सकाळी काकू चष्मा लावून मोबाइल बघत बसल्या होत्या. डोळे सुजलेले होते.

"पडली," त्या म्हणाल्या.

"वाजला का?"

"वाजला. पुन्हा पुन्हा वाजला. दर वेळी बंद केला. कॅशिअरांनी भिंत ठोकली, तर मीही ठोकली."

साहेबांनी मोबाइल हातात घेतला. आलेख सरळ येत होता, आणि शेवटी एकच खड्डा होता. जवळजवळ पहाटेपर्यंतचा, चांगला लांबलचक. साहेबांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने मोजला.

"बरंच बोललीस," ते म्हणाले, आणि बोर्डाला जायला कपडे शोधू लागले.